पीसीओएस असताना गर्भ वारंवार पडत असेल, तर पुढच्या प्रयत्नाआधी काय करावे

दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही, की घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘आता कोणत्या डॉक्टरकडे जायचे’ हा. परभणीची बाई नांदेडला जाते, तिथून कोणीतरी सुचवले म्हणून छत्रपती संभाजीनगरला, आणि पुढे पुण्याला किंवा हैदराबादला. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर निघतो, रक्ताच्या त्याच तपासण्या पुन्हा होतात, आणि आधीच्या दवाखान्यात नेमके काय घडले हे नव्या डॉक्टरांना केवळ तिच्या आठवणीतून समजते. पीसीओएस, म्हणजे बीज वेळेवर न फुटण्याचा, आपल्याकडे ज्याला सरसकट पीसीओडी म्हणतात तो संप्रेरकांचा विकार, किंवा थायरॉईडचा त्रास असलेल्या बाईचे या धावपळीत अधिकच नुकसान होते, कारण तिची पाळी मागेपुढे होत असल्याने गर्भाचे वय काढण्यापासूनच घोटाळा सुरू होतो. म्हणून डॉक्टर बदलण्याआधी कागद लावावेत, तपासण्यांचा क्रम ठरवावा आणि मगच पुढच्या प्रयत्नाला लागावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी एक गैरसमज दूर करावा

दिवस राहिल्याचे निश्चित झालेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी सुमारे पंधरा आपोआप गळून पडतात, आणि पहिल्या तीन महिन्यांत पडलेल्या गर्भांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक गर्भांमध्ये गुणसूत्रांची रचनाच बिघडलेली असते. ही चूक बहुतेक वेळा बीज तयार होताना किंवा फलनाच्या वेळी योगायोगाने घडते. पपई खाल्ल्याने, एखाद्या दिवशी पाण्याचा हंडा उचलल्याने, एसटीने माहेरी गेल्याने, संबंध ठेवल्याने किंवा ग्रहण न पाळल्याने ती घडत नाही. पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये गर्भपाताचे प्रमाण इतरांपेक्षा काहीसे जास्त आढळते हे खरे असले, तरी त्यामागे वाढलेले वजन, इन्सुलिनला शरीराने दिलेला कमी प्रतिसाद, साखर आणि वय यांचाही वाटा असतो, आणि यांतील काही गोष्टी आपल्या हातातल्या असतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचे प्रकरण मात्र वेगळे समजावे. सहा-सहा महिने पहाटेपासून फडात वाकून काम करणे आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणे हे एका दिवसाच्या हंड्यासारखे नाही. अशा बाईला दिवस राहिले, तर पहिल्या महिन्यापासूनच मोळी वाहण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे, आणि हे मुकादमाशी बोलण्याची जबाबदारी नवऱ्याने घ्यावी. उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, ‘कोयत्या’वर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर दिलेली असल्यामुळे तिने एकटीने सांगून ते सहसा मान्य होत नाही.

कागदांची फाईल

बहुतेक घरांत हे कागद औषधाच्या दुकानातून मिळालेल्या पिशवीत कोंबलेले असतात. सोनोग्राफीची काळी-पांढरी चकचकीत चित्रे थर्मल कागदावर छापलेली असतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरातल्या कपाटात वर्षभर राहिली की ती पुसट होतात. त्यामुळे प्रत्येक कागदाचा त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढावा आणि तो नवऱ्याच्या फोनवरही पाठवून ठेवावा.

फाईलच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने प्रत्येक गर्भधारणेची माहिती लिहावी. त्यात शेवटच्या पाळीची तारीख, चाचणी पहिल्यांदा पॉझिटिव्ह आल्याचा दिवस, प्रत्येक सोनोग्राफीची तारीख, त्यात लिहिलेली गर्भाची लांबी मिलिमीटरमध्ये, ठोके दिसले होते की नाही, रक्तस्राव कधी सुरू झाला, गर्भ आपोआप पडला की गोळ्या दिल्या की क्युरेटिंग करून पिशवी साफ केली, आणि त्या काळात चालू असलेली औषधे, एवढे असावे. ठोके येण्याआधी थांबलेले गर्भ आणि ठोके येऊन दहाव्या-बाराव्या आठवड्यात थांबलेले गर्भ यांची कारणे वेगळी असू शकतात, त्यामुळे हे एक पान अनुभवी डॉक्टरांना जाड फाईलपेक्षा जास्त सांगते.

रक्तगट निगेटिव्ह असल्यास तोही ठळक लिहावा. अशा वेळी अँटी-डी इंजेक्शनची (पुढच्या गर्भाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात अँटीबॉडी बनू नयेत म्हणून देतात) गरज आहे का, हे गर्भपातानंतर ७२ तासांच्या आत ठरवावे लागते, आणि रात्री-अपरात्री दाखल झाल्यावर हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

पाळीच्या तारखेवर विसंबू नये

पीसीओएस असलेल्या बाईने सर्वांत जास्त लक्ष द्यावे असा हा भाग आहे. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजण्याची पद्धत २८ दिवसांच्या चक्रावर बेतलेली आहे आणि तीत चौदाव्या दिवसाच्या आसपास बीज फुटते असे धरलेले असते. ज्या बाईची पाळी ४५ दिवसांनी येते, तिचे बीज साधारण एकतिसाव्या दिवशी फुटते. ती एकोणपन्नासाव्या दिवशी सोनोग्राफीला गेली, तर कागदावर सात आठवडे लिहिले जातात, पण प्रत्यक्षात गर्भ जेमतेम साडेचार आठवड्यांचा असतो आणि त्या वयात ठोके दिसणे शक्यच नसते. हे ध्यानात न घेता ‘वाढ नाही, साफ करून घ्या’ असा सल्ला मिळाला, तर चांगला गर्भही हातचा जाऊ शकतो.

यासाठी मान्य निकष आहेत. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा अधिक असूनही ठोके नसणे, किंवा गर्भपिशवीचा (गर्भाशयाचा नव्हे, गर्भाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीचा) सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा अधिक असूनही आत गर्भ नसणे, यावरून गर्भ थांबल्याचे म्हणता येते. मापे याहून कमी असतील, तर सात ते चौदा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करूनच निर्णय घ्यावा. रक्तस्राव फार नसेल आणि प्रकृती स्थिर असेल, तर एक आठवडा थांबल्याने सहसा धोका वाढत नाही, तेव्हा ‘डॉक्टर, माझी पाळी उशिरा येते, आठवड्याने पुन्हा पाहू या का?’ असे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

थांबून चालणार नाही अशी लक्षणेही माहीत असावीत. सलग दोन तास तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, ताप भरला असेल, ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळा येत असतील किंवा खांद्याच्या टोकाला दुखत असेल, तर १०८ ला फोन करावा. शेवटची दोन लक्षणे गर्भ नळीत राहिल्याची असू शकतात आणि त्यात जिवाला धोका असतो.

कोणत्या तपासण्या कराव्यात आणि कोणत्या टाळाव्यात

तीन गर्भपात होईपर्यंत थांबण्याची पूर्वीची पद्धत आता बरीच मागे पडली आहे आणि युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे दोन गर्भपातांनंतर तपासणीचा विचार करण्यास सांगतात. माझ्या मते पीसीओएस किंवा थायरॉईड असलेल्या बाईने दोनच्या पुढे वाट पाहू नये.

गर्भ थांबला आहे हे निश्चित झाले आणि पिशवी साफ करण्याचे ठरले, तर त्याआधीच एक गोष्ट सांगून ठेवावी. काढलेल्या पेशींची गुणसूत्र तपासणी करायची असेल, तर नमुना फॉर्मलिनमध्ये न टाकता निर्जंतुक सलाईनमध्ये ठेवावा लागतो, कारण फॉर्मलिनमध्ये पेशी मरतात आणि मग ही तपासणी नीट होत नाही. सवयीने नमुना फॉर्मलिनच्या बाटलीत जातो, म्हणून ऑपरेशन थिएटरमध्ये जाण्याआधीच सिस्टरांना हे सांगावे. नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि खर्चही होतो, पण गर्भातच गुणसूत्रांचा दोष निघाला, तर पुढच्या अनेक तपासण्या आणि मनाला लागलेली बोचणी दोन्ही कमी होतात. अहवालात गुणसूत्रांच्या तुकड्यांची विशिष्ट प्रकारची अदलाबदल दिसली, तर पती-पत्नी दोघांचीही गुणसूत्र तपासणी करावी लागते. साफ करण्यासाठी शक्य तिथे सक्शनची पद्धत मागावी, कारण खरवडून केलेल्या क्युरेटिंगने, विशेषतः ते वारंवार झाल्यास, पिशवीच्या आतल्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात.

त्यानंतर पाहायच्या गोष्टी मोजक्या आहेत: टीएसएच, म्हणजे थायरॉईड नीट चालतो का हे सांगणारी रक्त तपासणी, आणि थायरॉईडची अँटीबॉडी, तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी, पिशवीची रचना पाहणारी थ्रीडी सोनोग्राफी, गरज पडल्यास दुर्बिणीची तपासणी, आणि अँटिफॉस्फोलिपिड अँटीबॉडीच्या (रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवणाऱ्या) रक्त तपासण्या. ही शेवटची तपासणी पॉझिटिव्ह आली, तर किमान बारा आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करावी लागते. एकाच अहवालावर आजार ठरवू नये, पण दोन्ही अहवाल पॉझिटिव्ह असतील तर अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे इंजेक्शन) या उपचाराने चांगला फरक पडू शकतो. वारंवार गर्भपाताच्या ज्या थोड्या कारणांवर खरोखर औषध आहे, त्यांतले हे एक आहे.

आपल्याकडे अजूनही जवळजवळ प्रत्येक बाईची टॉर्च तपासणी (काही जंतुसंसर्गांसाठीची रक्त चाचणी) केली जाते, तिचा वारंवार होणाऱ्या गर्भपाताचे कारण शोधण्यात उपयोग नाही. रक्ताच्या गुठळ्यांचे आनुवंशिक पॅनेल सर्वांनी करण्याचीही गरज नाही. आनुवंशिक दोष असलेल्या बायकांना हेपॅरिन देऊन पाहिलेल्या मोठ्या अभ्यासात २०२३ मध्ये फायदा दिसला नाही. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचण्याच्या महागड्या ‘इम्युनोथेरपी’लाही भक्कम आधार नाही, आणि शेत गहाण टाकून ती घेणाऱ्यांविषयी ऐकले की चीड येते.

‘पिशवीच खराब आहे, काढून टाका’ असा सल्ला कोणी दिला, तर तिथून उठून यावे. मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या बाईची पिशवी काढण्याचे कारण केवळ वारंवार होणारा गर्भपात हे असू शकत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, हे आपल्या भागाने विसरू नये. दुसरे मत घेण्यासाठी संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ, लातूरची विलासराव देशमुख संस्था आणि नांदेडचे शंकरराव चव्हाण ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे रांग लांब असते आणि दिवस मोडतो, हे धरूनच घरून निघावे.

शरीराची तयारी

पीसीओएसमध्ये वजन जास्त असेल, तर त्यातले पाच ते दहा टक्के कमी झाल्यानेही अनेकींची पाळी सुधारते. त्यासाठी परदेशी धान्ये विकत आणण्याची गरज नाही, ज्वारीची भाकरी, वरण, अंबाडी किंवा मेथीची भाजी, मटकी-हुलग्याची उसळ आणि ताक हे आपले जेवण त्यासाठी उत्तम आहे. खरी अडचण असते ती दिवसातून पाच-सहा वेळा होणाऱ्या साखरेच्या चहाची आणि उपवासाची. गुरुवार, चतुर्थी आणि एकादशी धरून महिन्याला सात-आठ उपवास होतात, त्या प्रत्येक दिवशी साबुदाणा, बटाटा आणि गोड शिरा पोटात जातो आणि साखर चढते. उपवास करायचाच असेल, तर भगर, दाणे, ताक आणि फळे यांवर करावा. मेटफॉर्मिन किंवा साखरेचे दुसरे औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, त्यानंतर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर, चहा घेऊ नये, आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीत व तिच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. चहासोबत गोळी घेतल्याने टीएसएच खाली येत नाही आणि मग विनाकारण डोस वाढत जातो. फॉलिक अ‍ॅसिड प्रयत्न सुरू करण्याच्या तीन महिने आधीपासून घ्यावे. त्याचा नेहमीचा डोस ४०० मायक्रोग्रॅम असतो, मधुमेह किंवा बरेच जास्त वजन असल्यास डॉक्टर ५ मिलिग्रॅम देतात. चेहऱ्यावरील केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा वजनासाठी सेमाग्लुटाइड चालू असेल, तर ते कधी थांबवायचे हे प्रयत्नाआधी ठरवून घ्यावे. सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावे लागते.

बीज फुटण्यासाठी पीसीओएसमध्ये आता लेट्रोझोल हे पहिल्या पसंतीचे औषध मानले जाते. आपल्या देशात वंध्यत्वासाठी त्यावर २०११ मध्ये बंदी आली होती आणि २०१७ मध्ये ती उठली, म्हणून जुन्या बातम्या वाचून घाबरू नये. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ओव्ह्युलेशन किटवर मात्र फार भरवसा ठेवू नये. ही किट ज्या संप्रेरकावरून बीज फुटण्याचा अंदाज सांगते, ते (एलएच) पीसीओएसमध्ये मुळातच वाढलेले असू शकते आणि पट्टी उगाच पॉझिटिव्ह दाखवते.

नवऱ्यानेही तंबाखू, गुटखा आणि दारू सोडावी. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण ती पानटपरीवर शोधूनही सापडत नाही.

घरातली माणसे, रजा आणि मन

तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगायचे नाही, या रिवाजामुळे गर्भ पडल्याचेही कोणाला कळत नाही आणि बाई दुसऱ्या दिवशी भाकरी थापायला बसते. माझा सल्ला असा, की सासर आणि माहेर मिळून दोन-तीन भरवशाची माणसे निवडावीत आणि त्यांना आधीपासून सांगावे. बाकीच्यांसाठी एक वाक्य तयार ठेवावे. ‘काय मग, काही विशेष?’ या प्रश्नाला ‘दवाखाना चालू आहे काकू, सांगण्यासारखे झाले की आम्हीच सांगू’ एवढे पुरे होते. सासूबाईंशी बोलण्याचे काम मुलाने करावे. ‘आई, तपासण्या माझ्याही चालू आहेत’ हे त्याच्या तोंडून आले, की घरातली अर्धी कुजबुज थांबते. जावेच्या किंवा नणंदेच्या डोहाळजेवणाला जाणे जड वाटत असेल, तर आहेर पाठवून घरी राहावे.

नोकरी करणाऱ्या बाईला गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने दिली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असलेल्या बाईलाही अटी पूर्ण होत असल्यास तेवढ्याच काळाचा लाभ मिळतो. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्यावा.

झोप उडाली, जेवण जाईना, काही आठवडे उलटूनही रडू थांबेना किंवा जगावेसे वाटेना, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा, तिथे मराठीतून बोलता येते. आपल्याकडे पुरुष रडत नाहीत म्हणून त्यांना दुःख होत नाही असे धरले जाते, तर नवऱ्यालाही तो क्रमांक देऊन ठेवावा.

पुन्हा पाळी चुकल्यावर

गर्भपातानंतर एक पाळी नीट येऊन गेली, की शरीर बहुधा पुन्हा तयार असते. सहा महिने थांबलेच पाहिजे असे आता मानत नाहीत, पण तपासण्या अपुऱ्या असतील तर त्या आधी पूर्ण कराव्यात. चाचणी पॉझिटिव्ह आली, की थायरॉईडची गोळी घेणाऱ्या बाईने त्याच आठवड्यात टीएसएच करावी, कारण गर्भारपणात डोस साधारण पाव ते एक तृतीयांश वाढवावा लागतो. पहिली सोनोग्राफी बीज फुटल्याच्या दिवसावरून मोजलेल्या सहा-सात आठवड्यांना करावी, आणि मनाच्या स्थैर्यासाठी पुढे दर दोन आठवड्यांनी करून घेता येते. आधी गर्भपात झालेला असून या वेळी रक्तस्राव दिसला, तर प्रोजेस्टेरॉनविषयी, म्हणजे गर्भ टिकण्यास मदत करणाऱ्या संप्रेरकाविषयी, विचारावे. अशा बायकांना योनीमार्गे घ्यायच्या प्रोजेस्टेरॉनचा काही प्रमाणात फायदा होतो आणि ब्रिटनमध्ये २०२१ पासून तशी शिफारस आहे. महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहिल्याने गर्भ टिकत नाही, उलट पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो.

दोघांनी मिळून काही काळ थांबायचे ठरवले, तर तेही डॉक्टरांना सांगावे. पाळी अनियमित आहे म्हणून दिवस राहणार नाहीत असे धरू नये, बीज कधीही फुटू शकते, म्हणून त्या काळात गर्भनिरोधक साधन वापरावे. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर पिशवीचे अस्तर जाड होऊ नये म्हणून पाळी आणण्याच्या गोळ्या लागतात का, हे विचारून घ्यावे.